बेगमी कुणासाठी

पेअर झाडावर पिकू द्यायचं नसतं. पिकू दिलं तर ते आतून बाहेर पिकत येतं. वरून साल हिरवी आणि टणक, कापून बघावं तर बियांभोवतीचा गर तपकिरी पडलेला, पिठूळ झालेला. म्हणून ते कच्चं असतानाच उतरवतात. फांदीवरचं फळ तळहातात घ्यायचं आणि हलकेच आडवं उचलायचं. देठ आपणहून सुटला तर फळ तयार आहे. ओढावं लागलं तर अजून चार-आठ दिवस थांबायचं. उतरवलेलं फळ गार जागी ठेवायचं आणि लागेल तसं घरात आणून पिकवायचं. रंगावर फारसं जायचं नाही. देठाच्या बुडाशी अंगठ्याने किंचित दाबायचं. तिथे नरम लागलं की त्याच दिवशी खायचं. उद्यावर टाकलं तर ते बहुधा आपल्यासाठी थांबत नाही.

कोकणातून आलेल्या माणसाला यातलं काही नवीन नाही. हापूस तरी झाडावर कुठे पिकवतात? तयार झालेला आंबा देठासकट उतरवायचा, पेंढ्यात आढी लावायची आणि खोलीत वास सुटला की आढी उघडून पिकलेले वेगळे काढायचे. आंबा काय आणि पेअर काय, तोडल्यावर दोन्ही फळं स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याच वायूने पिकतात. एकाने सुरुवात केली की शेजारचंही मागे राहत नाही. आढीचं गुपित एवढंच. इंग्लंडात आमच्या घरामागच्या झाडाची पेअरं मी पेंढ्याऐवजी जुन्या वर्तमानपत्रांत लावते, पण हाताला ते काम ओळखीचं आहे. अनोळखी आहे तो पुढचा प्रश्न. एवढ्या पिकलेल्या फळांचं करायचं काय, आणि कुणासाठी?

आम्ही राहतो तो वुस्टरशरचा मुलूख जुन्या फळबागांचा. वुस्टर शहराच्या मानचिन्हावर काळी पेअरं आहेत आणि वुस्टरशर क्रिकेट क्लबच्या बिल्ल्यावरही. परदेशी संघांचे इंग्लंडचे दौरे पूर्वी बहुतेक वेळा वुस्टरच्या मैदानावरूनच सुरू होत. डॉन ब्रॅडमनने १९३०, १९३४ आणि १९३८ या लागोपाठच्या तिन्ही दौऱ्यांत तिथे द्विशतक ठोकलं, ते या पेअरवाल्यांच्याच गोलंदाजीवर. बिल्ल्यावरचं हे काळं पेअर कच्चं खायच्या लायकीचं नसतं, दात लागत नाही. पण ते हिवाळाभर राहतं, आणि मंद आचेवर बराच वेळ शिजवलं की मऊ होतं. अशा टिकाऊ, शिजवायच्या पेअरांना इथे ‘वॉर्डन’ म्हणत. शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मध्ये मेंढपाळाचा मुलगा मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या सणाच्या जेवणासाठी सामान आणायला निघतो, तेव्हा वॉर्डनच्या पायला रंग यावा म्हणून केशर आणायचं त्याच्या यादीत असतं. त्या काळच्या लोकांनी साठवणीचा विचार झाड निवडतानाच करून ठेवला होता. फळच असं निवडायचं की ज्याला बरणी लागत नाही; फळी पुरते.

आमचं झाड मात्र विल्यम्सचं. बर्कशरमधल्या ऑल्डरमास्टन गावी १७७० च्या सुमारास एका शाळामास्तरांच्या बागेत हे वाण निघालं आणि विल्यम्स नावाच्या एका रोपवाटिकावाल्याने ते पसरवलं. अटलांटिक ओलांडून अमेरिकेला गेल्यावर त्याचं नाव वाटेतच कुठेतरी गळालं. मॅसॅच्युसेट्समधल्या इनॉक बार्टलेट यांनी विकत घेतलेल्या जागेत ही झाडं उभी होती. त्यांनी ती आपल्या नावाने लोकांना द्यायला सुरुवात केली. मूळ नावाचा पत्ता पुढे लागला, पण तोवर अमेरिकेला बार्टलेटची सवय झाली होती, ती आजतागायत. नाव कुठलंही घ्या, फळ तेच : पातळ सालीचं, रसाळ, खोलीत ठेवलं तर दारातून वास यावा असं, आणि अजिबात न टिकणारं. चांगल्या सालात पूर्ण वाढलेलं झाड पन्नास-साठ किलो फळ सहज देतं, आणि तेही सगळं एकाच सुमारास.

आधी अर्थातच खाऊन बघायचं. पण पेअरमध्ये सॉर्बिटॉल नावाची साखर बरीच असते आणि ती आतड्यात पुरती शोषली जात नाही, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या फळानंतर पोट आपला निर्णय जाहीर करतं. मग वाटायचं. इथली रीत अशी की फळांचं खोकं फाटकाबाहेर ठेवायचं आणि वर चिठ्ठी लावायची : हवी तेवढी घ्या. रीत सुंदर आहे, पण सप्टेंबरात तिला एक अडचण येते. ज्याच्याकडे झाड आहे त्याच्या फाटकाबाहेरही तसंच खोकं असतं. रस्त्याने चालत गेलं तर या घरासमोर पेअरं, त्या घरासमोर सफरचंदं, पलीकडे कोर्जेट. सगळेच दाते, घेणारा कुणी नाही. शाळेतून मुलांना घेऊन जाणाऱ्या आया दोन-दोन उचलतात, पोस्टमन एक खिशात टाकतो आणि संध्याकाळी खोकं जवळजवळ भरलेलंच घरात येतं. मग ओट्यावर परात येते आणि किसणी बाहेर निघते.

कैरीच्या साखरांब्यावर हात बसलेला असला तरी पेअरचा साखरांबा वेगळा करावा लागतो. कैरी आपला आंबटपणा आणि आपलं पेक्टिन सोबत घेऊन येते. साखर घातली, आच दिली की ती स्वतःच आळते. पेअरमध्ये आंबटपणा बेताचा आणि पेक्टिनही थोडंच. म्हणून त्याला माणसं जोडून द्यावी लागतात. परातीत आधी लिंबाचा रस घ्यायचा आणि त्यातच किसायचं, नाहीतर हवा लागून कीस पाहता पाहता तपकिरी पडतो. फळ पुरतं पिकलेलं नको. देठाशी जेमतेम नरमावलेलं हवं, म्हणजे कीस सुटा पडतो. किसाच्या पाऊणपट साखर घालून तासभर ठेवलं की पाणी सुटतं. ब्रॅम्ली नावाचं आंबट सफरचंद इथे घरोघरी असतं; त्याच्या साली आणि गाभे फडक्यात पुरचुंडी बांधून पातेल्यात सोडायचे, ते पेक्टिन देतात. मग मंद आच. आधी सगळं पाणीपाणी होतं आणि हे कधी आळणार असं वाटत राहतं. हळूहळू बुडबुडे मोठे आणि जड व्हायला लागतात, झारा फिरवला की पातेल्याचा तळ क्षणभर उघडा पडतो. याच सुमाराला किसाचा रंग बदलतो. पांढुरकं पेअर फार वेळ शिजलं की त्याला गुलाबीसर झाक येते. कुणी काही रंग घातलेला नसतो, ते त्याचं अंगचंच असतं. थर्मामीटर १०५ अंश दाखवतो तेव्हा पाक झालेला असतो. गार बशीत थेंब टाकून बोटाने रेघ ओढली आणि ती भरून आली नाही तर थर्मामीटरची गरजही नाही. वेलची, दोन लवंगा, आणि वॉर्डनच्या पायची आठवण ठेवून चार काड्या केशर.

एवढं शिजूनही एक गोष्ट विरघळत नाही. पेअरच्या गरात दगडपेशी असतात, कठीण भिंतींच्या सूक्ष्म गाठी. पेअर खाताना जिभेला जी कणी लागते ती त्यांची. इंग्रज खवय्ये गुळगुळीत फळाच्या मागे असतात आणि या कणीबद्दल तक्रार करतात. रवाळ तूप आणि रवाळ बेसनलाडू यांवर वाढलेल्या जिभेला ती तक्रार कळत नाही. साखरांब्यात ती कणी तशीच राहते आणि पोळीबरोबर छान लागते.

लोणचंही होतं. अगदी कच्च्या, करकरीत पेअरच्या फोडी, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, हळद, तिखट, मीठ, भरपूर लिंबू आणि वरून गार केलेली फोडणी. वरणभाताशी चार दिवस कैरीचा विसर पडेल इतपत चांगलं. पण आईच्या लोणच्याच्या बरणीला दादरा बांधून फळीवर ठेवलं की वर्ष निघायचं, तो विश्वास इथे चालत नाही. कैरी इतकी आंबट असते की जंतूंना तिथे थाराच मिळत नाही. पीएच ४.६ च्या खाली असला तर बॉट्युलिझमचं विष तयार करणारा जंतू वाढू शकत नाही. पेअर या रेषेच्या आत असलं तरी कैरीइतकं खोल नाही, आणि चिनी-जपानी गोल पेअर तर रेषेला टेकूनच असतं. म्हणून ते लोणचं फ्रीजमध्ये ठेवायचं आणि लवकर संपवायचं. मोहरी आणि पेअर यांची जोडी आपल्याकडेच जमते असं मात्र नाही. उत्तर इटलीत क्रेमोनाला फळं साखरेच्या पाकात मुरवतात आणि त्यात मोहरीचा अर्क घालतात. मोस्तार्दा म्हणतात तिला. उकडलेल्या मांसाबरोबर खातात. मोहरी नाकात चढते म्हणजे काय होतं हे त्यांनाही चांगलं माहीत आहे. इंग्रजांची चटणी निराळी : व्हिनेगर, कांदा, मनुका, आलं, ब्राऊन शुगर, सगळं एकत्र शिजवून बाटलीत भरायचं आणि महिनाभर तरी हात लावायचा नाही.

इतकं सगळं होतं. ओट्यावर बरण्यांची रांग लागते, झाकणं एकामागून एक टक् करून बसतात, आणि आपण काहीतरी वाचवलं असं वाटायला लागतं. खरं वाचवलं का, हा हिशेब सहसा कुणी करत नाही, कारण तो जमत नाही. फळ फुकटचं असलं तरी साखर, लिंबं, बरण्या, तासन् तास जळणारा गॅस आणि अख्खा रविवार फुकटचा नसतो. पैशांसाठी कुणी हे करत नाही. सवयीपोटी करतात, आणि माझ्या बाबतीत ती सवय कुठून आली ते मला ठाऊक आहे.

कोकणात मे महिना म्हणजे आगोट. मृग लागायच्या आत घर भरायचं. आमसुलं वाळवायची, आंब्याफणसाची साठं घालायची, सांडगे-पापड, कुळथाचं पीठ, सुकी मासळी, लाकूडफाटा. एकदा पाऊस लागला की ओढ्यांना पाणी, वाटा बंद, बाजारात काय मिळेल सांगता येत नाही. त्या घरात प्रत्येक डब्याचं तोंड कोणत्या महिन्यात उघडणार हे साधारण ठरलेलं असे. ही आमसुलं आषाढातल्या सारासाठी, हे पापड गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांसाठी, हे लोणचं गड्यांच्या न्याहारीला. बेगमी करणारी बाई मनात माणसं मोजत असे. किती तोंडं, किती महिने, एवढ्यावरून डब्यांची संख्या निघायची. पावसाळा समोर दिसत होता म्हणून उन्हाळ्यातल्या कष्टांना अर्थ होता.

इथे माझ्या बरण्यांपुढे पावसाळाच नाही. पाऊस आहे, तो बारमाही आहे, पण त्याने काही अडत नाही. मार्चमध्ये रात्री आठ वाजता पेअर खावंसं वाटलं तर सुपरमार्केटात दक्षिण आफ्रिकेतून किंवा चिलीतून आलेलं ताजं पेअर हजर असतं. मग फडताळातली बरणी कोण उघडणार? कुठल्याही हौशी घराचं फडताळ उघडून बघा. पुढच्या ओळीत यंदाच्या बरण्या, त्यामागे गेल्या सालच्या, आणि अगदी भिंतीला टेकून अशा की ज्यांच्यावरची शाई उडून गेली आहे. ते फळ सप्टेंबरात गळून गेलं असतं तर मातीत गेलं असतं. आता ते साखरेसकट, लवंगेसकट, गॅससकट कचऱ्यात जाणार. वाया जाणं टळलं नाही. पुढे ढकललं गेलं, आणि वर महाग पडलं.

गोडाची तर आणखी एक गंमत झाली आहे. आईला फोनवर बरण्या दाखवल्या तर ती म्हणते, “रंग सुरेख आलाय गं! पण आता खातंय कोण? यांची शुगर, माझी शुगर, आणि पोरांना सांगायला गेलं तर ती नाक मुरडतात.” तिच्याच हाताखाली शिकलेली विद्या, आणि तिच्याच घरात आता ती खाणारं तोंड उरलं नाही. साखर ही जुनी राखणदार. बरणीत साठ-पासष्ट टक्के साखर असली की जंतूंच्या वाट्याला पाणीच येत नाही, म्हणून मुरांबा टिकतो. ज्या साखरेमुळे तो टिकतो त्याच साखरेमुळे आज तो कुणी खात नाही.

याच देशात एकदा अशी बेगमी झाली की जिच्यापुढे खराखुरा पावसाळा होता. १९४० च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये साखरेचं रेशन सुरू झालं. त्या वर्षी फळं मात्र उदंड आली. सरकारने विमेन्स इन्स्टिट्यूट या बायकांच्या संस्थेला जॅमसाठी वेगळी साखर दिली आणि गावोगावच्या सभागृहांत, शेतघरांत, मिळेल त्या स्वयंपाकघरात जॅमची केंद्रं सुरू झाली. १९४० ते १९४५ या काळात त्यांनी ५,३०० टनांहून अधिक फळं टिकवली. मला यातला आकडा मोठा वाटतोच, पण त्याहून मोठं वाटतं ते हे की तो जॅम ढवळणाऱ्या बायकांच्या फडताळात राहिला नाही, रेशनच्या व्यवस्थेतून तो लोकांकडे गेला. त्यांना खाणाऱ्याचं नाव माहीत नव्हतं, पण खाणारा आहे आणि त्याला गरज आहे हे पक्कं माहीत होतं. प्रत्येक बरणी दुसऱ्या कुणासाठी होती, म्हणूनच बहुधा ती उघडली गेली.

उलट बाजूचं उदाहरणही पेअरचंच आहे. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावी सोळा वर्षांच्या एका मुलाने मित्रांबरोबर रात्री शेजारचं पेअरचं झाड झोडपलं आणि ओझंभर फळं पळवली. भूक नव्हती. घरी याहून चांगली पेअरं होती. फळं बहुतेक डुकरांपुढे टाकून दिली. हा मुलगा पुढे संत ऑगस्टिन झाला आणि आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात त्याने या चोरीवर पानंच्या पानं लिहिली. वाचणाऱ्याला वाटतं, चार पेअरांसाठी एवढी टोचणी? पण त्याला चोरीपेक्षा जास्त छळत होतं ते हे की ती फळं त्याला नकोच होती. डुकरांच्या जागी फडताळ घातलं तर गोष्ट आपल्या स्वयंपाकघरापासून फार लांब राहत नाही. तोडायला मजा येते, भरायला मजा येते. खायचं कुणाला असतं?

म्हणून आता मी कामाचा क्रम उलटा केला आहे. साखर मोजायच्या आधी माणसं मोजायची. कागदावर नावं लिहायची आणि नावासमोर काय ते ठरवायचं. एका मैत्रिणीचं बाळ सहा महिन्यांचं होतंय, त्याचं उष्टावण आहे. इकडे बाळांना पहिल्या घासात पेअरचा गर सर्रास देतात. त्याच्यासाठी पेअरं सोलून वाफवायची, गाळायची आणि बर्फाच्या साच्यात भरून फ्रीजरमध्ये टाकायची. साखर नाही, मीठ नाही. आईबाबांसाठी फोडी वाळवायच्या. ओव्हन साठ अंशांवर ठेवून रात्रभर सोडलं की चामट, गडद, खजुराइतक्या गोड फोडी होतात, आणि पाकिटातून भारतात नेता येतात. ऑस्ट्रियात आणि बव्हेरियात हिवाळ्यासाठी अशीच पेअरं वाळवतात आणि नाताळच्या सुमाराला त्यांचा गच्च पाव करतात. गणपतीसाठी वेगळी फळं काढून ठेवायची. भाद्रपद आणि विल्यम्स साधारण एकाच वेळी येतात, आणि अननसाच्या शिऱ्याला जे चालतं ते पेअरलाही चालतं : रवा तुपात खमंग भाजायचा, पिकलेल्या पेअरचे बारीक तुकडे आणि त्यांचा सुटलेला रस घालायचा, साखर नेहमीपेक्षा कमी. भारतात पेअर परकं आहे असंही नाही. ह्युएन त्संगने सातव्या शतकात लिहून ठेवलं आहे की कनिष्काच्या काळी ओलीस म्हणून राहिलेल्या चिनी लोकांनी ते पंजाबात आणलं. आपल्याकडे बाजारात याच दिवसांत उत्तरेतून आलेली नासपती असतेच, आणि गणपतीपुढच्या फळांत ती बसतेही.

साखरांब्याच्या बरण्या ज्यांना खरंच हव्या असतात अशा मोजक्याच घरांत जातात. त्यातली एक शेजारच्या आजींकडे. टोस्टवर लोण्याबरोबर त्या तो लावतात आणि केशराला ‘तुझं ते पिवळं’ म्हणतात. बरणी संपली की ती धुऊन, लेबल कोमट पाण्यात भिजवून पुरतं खरवडून, दारात ठेवून जातात. बेल वाजवत नाहीत. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. निदान चमचाभर साखर तरी घालतात. म्हणून सुरुवातीला ती चकचकीत रिकामी बरणी मला कोरडी वाटायची. मग लक्षात आलं की जॅम करणाऱ्यांच्या गावात चांगल्या झाकणाची स्वच्छ बरणी हीच भेट असते. पुढल्या सप्टेंबरात तीच कमी पडते. बरणी रिकामी परत येते याचा सरळ अर्थ, आतलं संपलं. मला याहून वेगळी पावती नको आहे.

नावं संपली की मी थांबते. झाडाखाली पडलेलं फळ पडू देते. गांधीलमाश्या फळाला बारीक भोक पाडून आत शिरतात आणि आतून पोखरतात. वरून फळ अख्खं दिसतं म्हणून गवतात हात घालताना जपावं लागतं. त्यांनी उघडलेल्या फळावर मग रेड ॲडमिरल फुलपाखरं येऊन बसतात आणि सोंड खुपसून तासन् तास हलत नाहीत. ब्लॅकबर्ड सकाळी येतात. उरलेलं कंपोस्टमध्ये. पूर्वी हे दृश्य बघताना जीव कासावीस व्हायचा, आता होत नाही. या जिवांपुढे खरा हिवाळा उभा आहे. माझ्या फडताळापेक्षा त्यांच्या पोटात ते फळ जास्त मार्गी लागतं.

या सगळ्या हिशेबाला एक जण मात्र जुमानत नाही : ज्याने हे झाड लावलं तो. पेअर लावावं ते वारसांसाठी, अशा अर्थाची म्हण इंग्रजीत आहे, आणि ती खरी आहे. पेअरच्याच खुंटावर बांधलेलं जुन्या पद्धतीचं झाड धरायला लागायला कितीतरी वर्षं जातात. पण मग ते पिढ्यान् पिढ्या धरत राहतं. मॅसॅच्युसेट्समध्ये डॅनव्हर्स गावी गव्हर्नर जॉन एन्डिकॉट यांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात लावलेलं पेअरचं झाड अजून जिवंत आहे. आमचं झाड लावणाऱ्याच्या यादीत आमचं नाव असण्याची काही शक्यता नव्हती. रत्नागिरीकडची कुणी बाई इथे येईल आणि त्याच्या पेअरचा शिरा करून गणपतीपुढे ठेवेल, हे त्याला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. त्याने खाणारा न मोजताच खड्डा खणला, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. झाडापाशी शंभर-दोनशे वर्षं असतात, तेवढ्यात कुणी ना कुणी येतंच. साखरांब्यापाशी जेमतेम वर्ष असतं. नाव ठाऊक नसलेल्या माणसासाठी काही करावंसं वाटलं तर झाड लावावं, बरणी भरायची तर आधी विचारून घ्यावं, “देऊ का गं तुला? खाशील?”